मागे राहिलेली हनुवटी : उपकरणांची तुलना आणि पालकांचा विवेक



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या प्रतिमेस प्रथम वंदन करतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून भुसावळ-सुरत मार्गावरील गाड्यांनी आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली आणि आपल्या या गोडादऱ्यात स्थिरावली. कोणी मागावर उभे राहिले, कोणी रिंगरोडच्या कापड मार्केटात लागले, कोणी घरी बसून साड्यांवर टिकल्या लावू लागले. त्यांच्या मुलांना मायबोलीतून अक्षरओळख व्हावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्या नावाने चालणाऱ्या व्यासपीठावरून बोलावयास मिळणे हा मी माझा सन्मान समजतो.

विषय वाचून आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. वक्ता मराठीचा निवृत्त प्राध्यापक आणि विषय मात्र जबड्याचा व दातांचा! मी वैद्य नव्हे, आणि आज कोणावर उपचार सांगण्यासाठीही उभा नाही. तरीही हा विषय निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, मराठी वर्ण ज्या यंत्रातून घडतात त्याच यंत्राचा खालचा जबडा हा एक भाग आहे; उच्चारशास्त्राच्या अभ्यासकाला त्याची उपेक्षा करून चालत नाही. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. ज्या मुलाचा खालचा जबडा मागे राहिला आहे त्याच्या आईवडिलांना दवाखान्यात जे कागद मिळतात ते बहुधा इंग्रजीत, फार तर गुजरातीत असतात. पाचसहा उपकरणांची नावे कानांवर पडतात, खर्चाचा आकडा कळतो, आणि "साहेब, जे चांगले असेल ते लावा" एवढे बोलून पालक मोकळे होतात. या निर्णयामागचे शास्त्र मराठीत सांगता येते की नाही, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

हनु, हनुवटी आणि हनुमान

आरंभ शब्दापासून करतो. 'हनु' म्हणजे जबडा. त्यापासून आपली 'हनुवटी' आली. ग्रीक भाषेतील 'गेनुस' आणि इंग्रजीतील 'चिन' हे शब्द याच कुळातील होत, असे तौलनिक भाषाशास्त्र सांगते. 'ऑर्थोडॉन्टिस्ट' या अवघड वाटणाऱ्या शब्दाचा उत्तरार्धही आपल्या 'दंत' शब्दाचा भाऊबंदच आहे. ऑर्थोस म्हणजे सरळ. दात सरळ करणारा तो ऑर्थोडॉन्टिस्ट.

ज्या दैवताचे मंदिर नाही अशी वस्ती आपल्याकडे विरळाच, त्या मारुतीरायाचे प्रसिद्ध नावही जबड्यावरून पडले. वाल्मीकिरामायणातील कथेनुसार सूर्याकडे झेपावलेल्या बालकावर इंद्राने वज्र फेकले, ते डोंगरावर कोसळले, डावी हनु भंगली आणि त्यावरून 'हनुमान' हे नाव रूढ झाले. पडल्यामुळे जबड्यास इजा झालेल्या बालकाची ही कथा ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकानेही या प्रदेशाची दखल घेतली होती. सुश्रुतसंहितेत दंतरोगांच्या गणनेत 'हनुमोक्ष' हा विकार येतो, तर वाग्भटाच्या अष्टांगहृदयात वेड्यावाकड्या दातांना 'कराल' अशी संज्ञा आहे. तेव्हा आजचा विषय परका नाही. त्यावरील उपाय मात्र गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतील आहेत.

दोष कोठे असतो?

वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे असावेत, ही स्वाभाविक रचना होय. हे आडवे अंतर साधारणपणे २ ते ३ मिलिमीटर असते. काही मुलांत ते ७, ८ किंवा १० मिलिमीटरपर्यंत जाते. आपण सरसकट म्हणतो, "याचे दात पुढे आहेत." वस्तुतः अशा पुष्कळ मुलांच्या बाबतीत वरचे दात वा वरचा जबडा फारसा पुढे नसतो, खालचा जबडाच मागे राहिलेला असतो. बाजूने पाहिले म्हणजे हनुवटी गळ्याकडे ओढल्यासारखी दिसते, आणि ओठ सहजी मिटत नाहीत. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या जुळणीचे जे वर्गीकरण केले, त्यात ही रचना दुसऱ्या वर्गात मोडते. दोष वरच्या जबड्याचा की खालच्या, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी डोक्याचे बाजूने विशिष्ट पद्धतीने क्ष-किरण चित्र काढतात. ही पद्धत १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट यांनी आणि जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे मांडली.

कारणांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा. अंगठा चोखण्याची जुनी सवय, तोंडाने श्वास घेणे यांचीही भर पडते. परिणाम तीन प्रकारचे होतात. पहिला परिणाम दातांवर. पुढे आलेल्या दातांना ओठांचे संरक्षण नसते. मूल खेळताना आपटले तर पहिला मार त्यांनाच बसतो, आणि अंतर जितके अधिक तितका हा धोका अधिक. दुसरा उच्चारांवर. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. दोन ओठ एकत्र आल्याखेरीज ते शुद्ध होत नाहीत. अशा मुलाचा खालचा ओठ वरच्या ओठाऐवजी वरच्या दातांना टेकतो, आणि ओष्ठ्य वर्णाचा दंतोष्ठ्य होऊन बसतो. 'बाबा' म्हणताना मुलाचे ओठ पाहिले तर ही गोष्ट कोणाही शिक्षकाच्या ध्यानी येईल.

तिसरा परिणाम मनावर. वर्गात अशा मुलास 'फावड्या' म्हणतात. मुलगी असेल तर ती तोंडावर ओढणी धरून हसू लागते, उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. भाषा शिकविण्यात हयात गेलेल्या माणसाला या तिसऱ्या परिणामाचे मोल अधिक वाटते. कारण ज्याने बोलणे कमी केले, त्याचे शिकणेही कमी होते.

उपकरणांची वंशावळ

आता उपकरणांकडे वळू. यांना इंग्रजीत 'फंक्शनल अप्लायन्स' म्हणतात. मी 'कार्यप्रेरक उपकरण' असा पर्याय सुचवितो. साधी तार दाताला ढकलते. कार्यप्रेरक उपकरण मात्र खालच्या जबड्याला पुढे राहण्यास भाग पाडते. मग चघळणे, गिळणे, ओठ मिटणे या नित्याच्या क्रियांत स्नायूंचे जे बळ लागते, तेच उपचाराचे साधन बनते. वाढीच्या वयात जबडा पुढे धरून ठेवला तर कानापुढील सांध्यापाशी हाड अधिक वाढेल, अशी त्यामागील मूळ अपेक्षा.

अमेरिकेत नॉर्मन किंग्सले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खालचा जबडा पुढे सरकविणारी पट्टी वापरली होती. फ्रान्समध्ये पिअर रोबँ यांनी १९०२ मध्ये 'मोनोब्लॉक' म्हणजे एकसंध ठोकळा वर्णिला. पुढे डेन्मार्कचे व्हिगो आंद्रेसेन यांनी स्वतःच्या मुलीसाठी सुटीच्या काळात वापरण्याची एक सैल प्लेट तयार केली. सुटी संपली तेव्हा तिच्या दातांची जुळणी सुधारलेली दिसली. नॉर्वेत कार्ल होइप्ल यांच्या सहकार्याने त्यांनी या कल्पनेला शास्त्रीय रूप दिले. हाच 'ॲक्टिव्हेटर'. वरचे व खालचे दात एकाच ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात बसतात. तो मुख्यतः रात्री घालावयाचा. तोंडात असताना बोलता येत नाही, जेवताही येत नाही.

जर्मनीतील विल्हेल्म बाल्टर्स यांनी हा ठोकळा कोरून हलका केला आणि जिभेला मोकळीक दिली. तो 'बायोनेटर'. पूर्व जर्मनीतील त्सविकाऊ येथील रोल्फ फ्रेंकेल यांनी वेगळीच वाट धरली. त्यांच्या उपकरणाचा मोठा भाग दातांच्या बाहेर, गालांच्या आणि ओठांच्या आतल्या बाजूस असतो. गालांचा दाब दूर ठेवून जबड्याला वाढीस वाव द्यावा, हा त्यामागील विचार. कल्पना सुंदर, परंतु ते बनविण्यास कठीण आणि मोडण्यास सोपे.

स्कॉटलंडमधील विल्यम क्लार्क यांच्या 'ट्विन ब्लॉक'चा जन्म १९७७ सालचा. एका सहव्यवसायी दंतवैद्याचा लहान मुलगा पडला आणि त्याचा वरचा पुढचा दात निखळला. तो पुन्हा बसविला गेला, पण खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे अडकून त्याला सारखा ढकलीत राही. ओठाची ही अडचण दूर करण्यासाठी जबडा लगेच पुढे आणणे भाग होते. क्लार्क यांनी एकसंध ठोकळ्याचे दोन भाग केले, वर एक आणि खाली एक. दोन्हींवर तिरके उतार. तोंड मिटले की खालचा उतार वरच्याच्या पुढे घसरतो आणि जबडा आपोआप पुढे येतो. दोन भाग सुटे असल्यामुळे ते दिवसभर वापरता येते, त्यासह बोलता येते, जेवताही येते. आज अनेक देशांत या उपकरणाचा वापर रूढ आहे, आणि आपल्याकडेही पालकांच्या कानांवर पडणाऱ्या नावांत ते हमखास असते.

ही सर्व काढघाल करता येणारी उपकरणे. दुसरे घराणे तोंडात पक्क्या बसविलेल्या उपकरणांचे. त्याचे मूळपुरुष जर्मनीचे एमिल हर्बस्ट. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी नळी आणि तीत सरकणारा दांडा अशी जोडणी योजली. वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यांच्या बाजूला जाणारा हा दांडा जबड्याला मागे येऊच देत नाही. पुढे हे उपकरण विस्मृतीत गेले. १९७९ मध्ये स्वीडनमधील हान्स पँचर्झ यांनी त्यास नवजीवन दिले. तारेच्या क्लिपांना जोडावयाची 'फोर्सस'सारखी स्प्रिंगची उपकरणे याच घराण्यातील धाकटी पाती होत.

कोणते उपकरण श्रेष्ठ?

पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो स्वाभाविकही आहे.

एके काळी याचे उत्तर फार आशादायी होते. स्ट्रासबुर्ग येथे पेट्रोविच यांनी उंदरांवर आणि अमेरिकेत मॅकनमारा यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत जबडा पुढे धरून ठेवल्यास सांध्यापाशी वाढ अधिक होते असे दिसले. त्यावरून 'आम्ही जबडा वाढवून देतो' अशी भाषा रूढ झाली. पुढे मुलांवरील उपचारांची काटेकोर तपासणी सुरू झाली. कोणत्या मुलास कोणता उपचार मिळावा हे चिठ्ठी काढल्याप्रमाणे ठरवावयाचे, आणि फलाची मोजणी करावयाची, अशी ती पद्धत. डॉक्टरांची आवड वा पालकांची ऐपत यांमुळे निष्कर्ष झुकू नये, हा तिचा हेतू.

इंग्लंडमधील केव्हिन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आपल्या प्रश्नाला थेट भिडणारा आहे. ११ ते १४ वयाच्या २१५ मुलामुलींना दोन गटांत विभागले. एका गटास ट्विन ब्लॉक, दुसऱ्यास हर्बस्ट. अखेरीस दात आणि जबडे यांच्या मोजमापांत दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले. फरक पडला तो अन्यत्र. ट्विन ब्लॉकच्या गटात सुमारे ३४ टक्के मुलांनी उपकरण अर्ध्यावर सोडले. हर्बस्टच्या गटात हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होते. उलट हर्बस्ट अधिक वेळा तुटले, आणि दुरुस्तीसाठी दवाखान्याच्या खेपा वाढल्या.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. जे मूल नेमाने उपकरण वापरील त्याला दोन्हींपासून सारखाच लाभ. जे मूल ते डब्यात ठेवून शाळेत जाईल, त्याच्या बाबतीत काढता येणारे उपकरण हरले. आणि ज्याच्या घरून दर मोडतोडीला दवाखाना गाठणे शक्य नाही, त्याच्या बाबतीत पक्के उपकरण हरले. म्हणजे निवडीचे उत्तर यंत्रात थोडे आणि मुलाच्या स्वभावात व घराच्या परिस्थितीत अधिक सापडते. वडिलांची बारा तासांची पाळी, आईचे घरकाम, दवाखान्यापर्यंतचे अंतर या गोष्टी क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत. त्या डॉक्टरांना पालकांनीच सांगावयास हव्यात.

दुसरा निष्कर्षही मोकळेपणाने सांगितला पाहिजे. याच संशोधकांच्या गटाने ८ ते १० वयाच्या १७४ मुलांवर ट्विन ब्लॉकचा अभ्यास केला. पुढचे अंतर ठळकपणे कमी झाले. परंतु त्यात बहुतांश वाटा दात सरकण्याचा होता. वरचे दात मागे आले, खालचे पुढे झुकले. जबड्याच्या वाढीचा वाटा थोडा होता. तेव्हा 'जबडा वाढवून देतो' हे वाक्य कोणी उच्चारले तर ते सावधपणे ऐकावे. दात नीट जुळतात, ओठ मिटू लागतात, चेहरा सुधारलेला दिसतो. हा लाभ खरा आहे आणि मोठाही आहे. मात्र मूळ ठेवणच बदलून जाईल अशी आशा मुलाला दाखवू नये. अपेक्षाभंग झालेले मूल उपकरण काढून ठेवते.

इतर उपकरणांविषयी थोडक्यात सांगतो. ॲक्टिव्हेटर आणि बायोनेटर स्वस्त व साधी. दात बदलण्याच्या वयातही चालतात. फ्रेंकेलचे उपकरण अनुभवी हातांतच शोभते. स्प्रिंगची उपकरणे वाढीचा भर ओसरू लागलेल्या मुलांत क्लिपांबरोबर उपयोगी पडतात. खालचे पुढचे दात अधिक झुकण्याची शक्यता मात्र त्यांत लक्षात ठेवावी लागते.

वेळ

उपकरणाच्या नावाहून वेळेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मुलींत उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारणपणे १० ते १२ वर्षांच्या आसपास येतो, मुलांत १२ ते १४ च्या सुमारास. जबड्याची वाढही याच सुमारास वेग घेते. मानेच्या मणक्यांचा क्ष-किरण चित्रातील आकार पाहून हा टप्पा अजमावता येतो.

मग आठव्या-नवव्या वर्षीच आरंभ केला तर? याही प्रश्नाचा छडा लावण्यात आला आहे. इंग्लंडमधील आणि अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना व फ्लोरिडा येथील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ व २०१८ मध्ये घेण्यात आला. लवकर सुरुवात करून दोन टप्प्यांत उपचार केले काय, किंवा किशोरवयात एकाच टप्प्यात केले काय, अंतिम फळात फरक दिसला नाही. अपवाद एका गोष्टीचा : लवकर उपचार घेतलेल्या मुलांत पुढच्या दातांना इजा कमी झाल्या. इंग्लंडमधील अभ्यासात उपचारानंतर लहान मुलांचा आत्मविश्वासही वाढलेला आढळला. तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाचे दात फार पुढे असतील, ते वरचेवर आपटत असेल किंवा चिडविण्यामुळे शाळा टाळत असेल तर लवकर उपचार समर्थनीय ठरतो. एरव्ही सहावी-सातवीपर्यंत थांबल्याने काही बिघडत नाही.

परंतु थांबणे आणि विसरणे यांत अंतर आहे. "मोठा झाला की आपोआप होईल", "मुलीचे लग्न ठरायच्या वेळी पाहू" ही वाक्ये मी अनेक घरांतून ऐकली आहेत. आठवी, नववी, दहावी अशी तीन वर्षे गेली की वाढीचा काळ निघून जातो. नंतर राहतात दोन मार्ग : वरच्या दोन उपदाढा काढून दात मागे घेणे, म्हणजे दोष झाकणे, किंवा जबड्याची शस्त्रक्रिया. हुगो ओबवेगेसर यांनी १९५७ च्या सुमारास विकसित केलेली ती शस्त्रक्रिया आज चांगली होते, पण ती मोठी आणि खर्चिक असते. सातवीतल्या मुलाचे काम प्लॅस्टिकच्या दोन ठोकळ्यांत भागत असेल, तर त्याला विसाव्या वर्षी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत का न्यावे?

पडलेल्या मुलाची हनुवटी

आता त्या हनुमंताच्या कथेकडे येतो. जबडा मागे राहण्याचे एक कारण असे आहे की ज्यात वरील कोणतेही उपकरण एकटे पुरे पडत नाही. लहान मूल हनुवटीवर पडते. हनुवटीची जखम टाके घालून भरून येते आणि सर्वांना हायसे वाटते. मार मात्र कधी कधी कानापुढील सांध्यापर्यंत पोहोचलेला असतो. तेथे सूक्ष्म मोड होऊन पुढे सांधा आखडतो, तोंड उघडणे महिन्यामहिन्याने कमी होत जाते आणि त्या बाजूची वाढ खुंटते. चेहरा एका बाजूला झुकतो. दोन्ही सांधे आखडले तर हनुवटी जवळजवळ दिसेनाशी होते.

आपल्या सुरतेत उत्तरायणाच्या दिवसांत मुले गच्चीवर असतात. पतंगामागे धावताना पडण्याचे प्रसंग घडतात. म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मूल हनुवटीवर आपटले तर जखमेबरोबरच तोंड पूर्ण उघडते का, उघडताना जबडा एका बाजूला जातो का, कानापुढे दुखते का, हे पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे. पुढील काही महिने मुलाची स्वतःची तीन बोटे उभी धरून त्याच्या तोंडात जातात का, हे अधूनमधून तपासावे. तोंड कमी उघडू लागले तर एक दिवसही न दवडता मोठ्या रुग्णालयातील जबड्याच्या शल्यचिकित्सकाला दाखवावे. आणि पुढचा पक्का दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता, दाताच्या वरच्या भागाला धरून तो दुधात ठेवावा आणि शक्यतो अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे.

शाळेचे आणि घराचे काम

उपकरण बसल्यावर पहिला आठवडा कठीण जातो. माझ्या नातीला बाराव्या वर्षी ट्विन ब्लॉक बसविला, तेव्हा मी उच्चारशास्त्राची वही काढून तिच्याजवळ बसलो. तोंडात लाळ जमे. 'स' आणि 'श' एक होऊन गेले. मराठीत 'च' दोन प्रकारचा आहे : 'चाक' मधला दंत्य आणि 'चिंच' मधला तालव्य. तिचे दोन्ही 'च' काही दिवस एकमेकांत मिसळले होते. आम्ही रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचन करीत असू. दहाव्या-बाराव्या दिवशी 'चाक' चाकासारखे आणि 'चिंच' चिंचेसारखी उमटली. जीभ फार शहाणी असते. तिला नव्या घरात वावरण्यास थोडा अवधी द्यावा लागतो, इतकेच.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना सांगणे असे की, असे उपकरण लावून आलेल्या मुलास वाचनातून सूट देऊ नका. त्यास वाचावयास लावा, आणि वर्ग हसणार नाही याची काळजी घ्या. त्या पहिल्या पंधरवड्यात वर्ग हसला, तर उपकरण दप्तरात जाते आणि तेथून बाहेर येत नाही. वर सांगितलेल्या चौतीस टक्क्यांत आपला विद्यार्थी जाऊ नये, हे शिक्षकाच्या हाती पुष्कळ अंशी आहे.

पालकांनी डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न थोडे आणि साधे आहेत. दोष वरच्या जबड्याचा आहे की खालच्या? मुलाची वाढ किती शिल्लक आहे? उपकरण दिवसातून किती तास, किती महिने वापरावयाचे? त्यानंतर क्लिपा लावाव्या लागतील काय, आणि त्यांचा खर्च यातच आहे की निराळा? उपकरण मोडले वा हरवले तर काय? उपचार संपल्यावर दात जागेवर राहण्यासाठी काय करावयाचे? जो डॉक्टर या प्रश्नांची उत्तरे शांतपणे देतो, त्याच्याकडे मूल निर्धास्तपणे सोपवावे.

खर्चाचा प्रश्न आपल्या वस्तीत टाळता येत नाही. शासकीय व महापालिकेच्या दंत महाविद्यालयांत खाजगी दवाखान्यांच्या मानाने खर्च पुष्कळ कमी येतो. अहमदाबादेस शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबईस शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. यांपैकी नायर तर मुंबई सेंट्रल स्थानकाजवळच, म्हणजे सुरतेची गाडी जेथे थांबते तेथेच. सुटीत गावी जाणाऱ्यांसाठी धुळ्यासही दंत महाविद्यालय आहे. २०१३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतील मुलांची जी तपासणी होते, तीत दातांचाही समावेश आहे. त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये, एवढे तरी घराने पाहावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज स्थिरस्थावर झाले आहेत, त्यांच्याकडे एक मागणे मागतो. दरवर्षी सहावी-सातवीच्या ज्या मुलामुलींना अशा उपचाराची गरज आढळेल, त्यांच्यातील एकाच्या जाण्यायेण्याचा आणि उपकरणाचा भार जरी आपल्या मंडळींनी उचलला, आणि प्रत्येक खेपेस कोणीतरी मोठे माणूस त्या मुलासोबत गेले, तरी गुरुवर्यांच्या नावाला साजेसे एक काम उभे राहील. उपचार अर्ध्यावर सुटतात ते बहुधा सोबत जाणारे कोणी नसते म्हणून.

सारांश इतकाच. उपकरणे अनेक आहेत आणि नीट वापरल्यास त्यांच्या फळात फारसे अंतर नाही. अंतर पडते ते वेळेवर ओळखण्याने, नेमाने वापरण्याने, आणि मोठ्यांनी पाठीशी उभे राहण्याने. ओळखण्याचे काम घराचे आणि शाळेचे, वापरण्याचे मुलाचे, पाठीशी राहण्याचे आपणां सर्वांचे.